दिघेबाईंचा झोपाळा

काळ्या कोटावर इरलं घातलेला वकील मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ती बाई होती.

दिघेबाई पावसाळ्यात लोणावळ्याहून वडगावच्या कोर्टात यायच्या तेव्हा पायात गमबूट असत, नेसलेलं पातळ घोट्याच्या वर खोचलेलं असे आणि डोक्यापासून कमरेखालपर्यंत भातलावणीच्या बाया घेतात तसलं पानांचं इरलं. पहिल्यांदा आल्या त्या दिवशी शिपायानं त्यांना दारातच अडवून बाजाराची वाट दाखवली होती. "मावशी, भाजीवाल्या तिकडं बसत्यात." बाईंनी इरलं उतरवलं, त्याच्याच हातात दिलं आणि आतला काळा कोट झटकत म्हणाल्या, "भिंतीला उभं करून ठेवा हं, निथळू दे. आणि साहेबांना म्हणावं, भाजी संपायच्या आत मला मोकळं करा. मलाही घ्यायचीय."

छत्री का नाही, असं मी एकदा विचारलं. "घाटाचा वारा छत्री उलटी करतो, ते सोडा. पण छत्रीत एक हात अडकतो ना! मला बोलायला दोन्ही लागतात." हे मात्र अगदी खरं होतं. बाई बोलायला लागल्या की शेजारच्यानं चहाची कपबशी लांब सरकवून ठेवावी.

मी त्यांच्या समोरचा वकील. मावळात नवरा-बायकोचं बिनसलं की एक पक्ष दिघेबाईंकडं जायचा आणि दुसरा, त्यावर चिडून, माझ्याकडं. मी भांडकुदळ म्हणून नावाजलेला होतो आणि मला ते मनापासून आवडायचं. उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडला की त्या दिवशी जेवण गोड लागे. अशा माणसाला दिघेबाईंसारखी बाई समोर मिळावी, हा दैवाचा खोडसाळपणाच म्हणायचा.

लोणावळ्यात त्यांना माघारी 'घरफोडी वकीलबाई' म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, घर मोडायला माझी गरज कुठं पडते? लोक घरूनच मोडून आणतात. मी फक्त कौलं न फोडता उतरवून देते. पुढच्या घराला उपयोगी पडतात." बाकीचे वकील आणि पंच तडजोड म्हणजे पोरीची समजूत घालून तिला पुन्हा सासरी धाडणं, एवढंच समजत. बाईंचं तसं नव्हतं. जुळण्यासारखं असेल ते त्या जुळवून देत. पण जे संपलंय ते नीट संपवून देण्यात त्यांना जो आनंद होई तो मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. "लग्न काय हो, भटजी आणि ताशा असला की लागतं. सुटायला अक्कल लागते!" असं म्हणून त्या टाळी द्यायला हात पुढं करायच्या, आणि समोरचा वकील असूनही मी ती द्यायचो.

तुंगार्लीत एका मुंबईकराच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या होत्या. पुढं पडवी आणि पडवीत मोठा सागवानी झोपाळा. कज्जा कोर्टात जायच्या आधी दोन्ही पक्षांनी एकदा तिथं यायचं, असा बाईंचा शिरस्ता. पक्षकार समोरच्या बाकांवर बसत, आणि वकिलांनी मात्र दोघांनी मिळून झोपाळ्यावर बसायचं. पहिल्या वेळी मी तावातावानं पाय आपटला, त्याबरोबर झोपाळा मागं गेला, पाय हवेत, आणि माझा अशील फिस्सकन हसला. झोपाळ्यावर बसून माणसाला कुणावर ओरडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बाईंना ते फार आधीपासून ठाऊक होतं.

त्या पडवीत दोन नियम होते. पहिला पाण्याचा. 'कायम', 'नेहमी' आणि 'कधीच' हे तीन शब्द तिथं वर्ज्य. जो उच्चारील त्यानं तिथल्या तिथं पेलाभर पाणी प्यायचं आणि मग पुढं बोलायचं. खंडाळ्याच्या हॉटेलातला एक आचारी आपल्या बायकोला घेऊन आला होता. आला तोच तापलेला. "बाई, ही कायम म्हायारी पळती."

"प्या पाणी."

"पितो. पन ही कधीच सांगून जात न्हाई."

"प्या."

"आता काय बोलायचंच न्हाई का मानसानं? नेहमी मलाच..."

बाईंनी तांब्याच पुढं केला. गडी हट्टाला पेटलेला, घटाघटा प्यायला, आणि थोड्या वेळानं कासावीस होऊन म्हणाला, "बाई, जरा मागं जाऊन येऊ का?" तो गेला तेव्हा सकाळपासून मुकी बसलेली बायको पहिल्यांदा बोलली. "शिमग्याला गेलते. एकदाच. आईला बघाय." तिचं बोलणं मागं त्याच्या कानावर गेलं असावं. तो परत आला तो बराच हलका होऊन. बाकावर टेकला आणि म्हणाला, "एकदाच गेलती, ते खरं हाय. पन न सांगता गेलती. मी दोन स्टेशनं हुडकत फिरलो, बाई. लय भ्यालतो."

"आता आलात वाटेवर!" बाई झोपाळ्यावरून जवळजवळ उडाल्याच. "एकदा गेली, न सांगता गेली आणि तुम्ही भ्यालात. यावर बोलता येतं. 'कायम'वर काय डोंबल बोलणार?" त्या दोघांचं जुळलं. आचारी नंतर कधी भेटला की मला विचारायचा, "वकीलसाहेब, तुमीबी पिता का न्हाई पानी?"

दुसरा नियम अवघड होता. ज्यानं त्यानं स्वतःची नव्हे, समोरच्याची बाजू मांडायची. ऐकून समोरचा 'व्हय, हेच' म्हणाला तरच पुढचं बोलणं. भले भले इथं अडत. स्वतःची गाऱ्हाणी रात्रंदिवस पाठ केलेली असतात, पण दुसऱ्याचं गाऱ्हाणं त्याला पटेल असं सांगायचं म्हणजे त्याच्या जागी जाऊन बसावं लागतं. मी बाईंना म्हणालो, हे वकिलीत बसत नाही. त्या म्हणाल्या, "वकिली दुसरं काय असते? दुसऱ्याची बाजूच मांडतो ना आपण? मी फक्त अशिलांना कामाला लावते."

बाईंचं स्वतःचं लग्न झालंय की नाही, यावर लोणावळ्यात दोन तट होते. एकदा मे महिन्यात मी कामासाठी गेलो तर स्वयंपाकघरात एक टक्कल पडलेले गृहस्थ बनियनवर कांदाभजी तळत होते, आणि बाहेर एक ठेंगणी बाई दोन मुलांना आंबे कापून देत होती. "या, ओळख करून देते," दिघेबाई उत्साहानं म्हणाल्या. "हे माझे माजी यजमान. ही त्यांची आताची बायको. दर उन्हाळ्यात येतात, मुलांना हवा मानवते." मी नमस्कार केला की नाही ते आठवत नाही. भजी मात्र खाल्ली, उत्तम होती. निघताना मी दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे तुमचं लग्न मोडलं?" "हो!" बाई म्हणाल्या, "छान मोडलं!" एखाद्यानं मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सांगावं, तशा आवाजात.

आता धोंडिबाचं सांगतो. बाई मला त्या दिवशी खऱ्या कळल्या.

धोंडिबा वराळ्याचा, बागायतदार नव्हे पण खाऊनपिऊन सुखी शेतकरी. एका दिवाळीनंतर तो ताडताड माझ्या कचेरीत आला. मागं त्याची मुलगी इंदू, विशीची. "वकीलसाहेब, जावयानं पोर टाकली. त्याला पुण्याच्या कोर्टात उभा करा आन् त्याची अब्रू काढा." जावई मारुती, लोणावळ्याला रेल्वेत फिटर. आणि सासू कोण, तर धोंडिबाची सख्खी धाकटी बहीण, गंगूबाई. आत्याच्या पोराला मामाची पोर द्यायची, ही आपल्याकडली जुनीच रीत. इंदूची आई लवकर वारली, तेव्हा धोंडिबानं ती पोर बहिणीच्या ओटीत घातली होती. पोर तिथंच वाढली आणि मोठी झाल्यावर तिथंच दिली.

मी याचिका लिहिली. छळ, उपासमार, मारहाण, काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. ती अशी रंगली की वाचून मलाच जावयाचा राग आला. इंदू शेजारी बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "ह्यातलं काईच झालेलं न्हाई, साहेब." धोंडिबा तिच्यावर खेकसला, "तू गप." तेवढ्यात दिघेबाईंचा निरोप आला: गंगूबाई आणि मारुती त्यांच्याकडं आलेत, तुमचे अशील घेऊन एकदा झोपाळ्यावर या.

थंडीची सकाळ होती. एका बाकावर धोंडिबा आणि इंदू, दुसऱ्यावर गंगूबाई आणि मारुती. भावाबहिणीनं एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही. धोंडिबानं मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. मी म्हटलं, जमिनीचे कागद असणार. शेतकरी वकिलाकडं येताना ते बरोबर घेतोच, कामाचे असोत वा नसोत.

बाईंनी दुसरा नियम सांगितला आणि इंदूला म्हणाल्या, "मारुतीची बाजू तू सांग."

इंदूनं एक क्षणही विचार केला नाही. "ह्यो म्हनतो, इंदी मला भनीसारखी हाय. ल्हानपनी माझ्या ताटातला गूळ चोरायची. आता डोईवर पदर घिऊन म्होरं आली की मला हसूच येतं. हिच्यासंगं संसार कसा करू?"

"व्हय, हेच," मारुती म्हणाला, आणि खरंच हसला.

"आता तू हिची सांग."

"ही म्हनती, मारत्याला नाक पुसाय येत न्हवतं तवापासून बघत्ये. त्याला अवो-जावो म्हनाय माझी जीभच वळत न्हाई. आमाला दोगास्नी कुनी इचारलंच न्हाई, बाई. ह्यो मला वंगाळ म्हनत न्हाई, मी ह्याला म्हनत न्हाई."

"व्हय, हेच," इंदू म्हणाली.

बाईंनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. मी त्यांना पहिल्यांदाच गोंधळलेलं पाहिलं. त्यांनी मारुतीकडं पाहिलं, इंदूकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या याचिकेकडं पाहिलं. "या दोघांचं तर भांडणच नाही. मग इतकं पेटलंय ते कुणाचं?" आणि एकदम त्यांनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली, इतकी जोरात की धोंडिबा दचकला. "वकीलसाहेब! आपण चुकीचं जोडपं बसवलंय!"

त्या उठल्याच. मारुतीला आणि इंदूला चहा करायला आत पिटाळलं. गंगूबाईला हाताला धरून आणलं आणि धोंडिबाच्या शेजारी, त्याच बाकावर बसवलं. तो सरकला. बाक संपला, म्हणून थांबला.

"गंगूबाई, दादांची बाजू सांगा."

गंगूबाई पदराचं टोक पिळत बसली. मग खाली मान घालून म्हणाली, "दादा म्हनतो, बायको गेली तवा मी एवढीशी पोर गंगीच्या वटीत घातली. दुसऱ्या कुनावर इस्वास टाकला न्हाई. आन् आता तीच गंगी माझी पोर माघारी धाडती. गावात म्या तोंड कसं दावू?"

धोंडिबाचा जबडा हलला. "व्हय," तो म्हणाला. "हेच."

"आता तुम्ही. बहिणीची बाजू."

"मला न्हाई येत."

"येईल."

"तिला काय बाजू? तिनं माझं नाक कापलं. आता तिचा नि माझा संबंध कायमचा..."

बाईंनी पाण्याचा पेला पुढं धरला. धोंडिबानं पेला घेतला. रागारागानं तोंडाला लावला, पण पाणी घशाखाली उतरेना. अर्धं त्याच्या सदऱ्यावर सांडलं. पेला त्यानं खाली आणला. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"ती म्हनती," धोंडिबा पेल्याकडं बघत बोलायला लागला, "ती म्हनती, आई गेली, बा गेला. आता दादा हाय तवर मला म्हायार हाय. पोरांचं मोडलं तर दादा माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई. म्हून... म्हून ती पोरास्नी सांगत व्हती, कसंबी करा, पन ऱ्हावा. माझ्यासाठी ऱ्हावा."

गंगूबाईला 'व्हय' म्हणता आलं नाही. तिनं नुसती मान हलवली आणि मग हुंदका फुटला. "भाऊबीजेला ताट मांडून बसले व्हते रं दादा. निरांजनातलं त्याल संपस्तवर बसले."

"आलतो मी," धोंडिबा म्हणाला.

"कुटं?"

"लोनावळ्याच्या टेसनापातुर आलतो. उतरलो. बाकड्यावर बसलो, आन् माघारच्या गाडीनं गेलो." त्यानं मांडीवरच्या पिशवीत हात घातला आणि हिरवं, घडीही न मोडलेलं लुगडं काढून बहिणीच्या मांडीवर ठेवलं. "तवापास्नं ह्यातच हाय. घरी काढून ठेवाय हात झाला न्हाई."

बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि त्याच वेळी त्या हसत होत्या, आणि त्याच वेळी हुकूम सोडत होत्या. "इंदू, देवापुढचं निरांजन आण! मारुती, तांदूळ! सुपारी डब्यात आहे! आधी ओवाळणी, मग काडीमोड!"

"पण बाई, भाऊबीज होऊन गेली," मी म्हणालो. वकिली काही सुटत नाही.

"तिथी टळली म्हणून बहीण टळते का हो?"

गंगूबाईनं तिथंच, त्या बाकावर, भावाला ओवाळलं. ज्यांचं लग्न मोडायला आम्ही जमलो होतो ते दोघं दोन बाजूंना उभं राहून निरांजनाला वारा लागू नये म्हणून हात धरत होते. माझी याचिका झोपाळ्याच्या फळीवर पडली होती. तिच्यावर कुणीतरी चहाची कपबशी ठेवली.

त्यांच्या जातीत काडीमोडीची रीत होती आणि नव्या कायद्यानंही ती शाबूत ठेवली होती, त्यामुळं पुण्याला जायचं कारण उरलं नाही. वराळ्यात पंचांसमोर मारुतीनं आणि इंदूनं गवताची एक काडी दोन टोकांना धरून मोडली. कागद बाईंनी लिहिला. त्यात शेवटी एक वाक्य घातलं: नवरा-बायकोचं नातं आज सुटलं, आत्या-भाचीचं आणि भावा-बहिणीचं नातं सुटलेलं नाही. या वाक्याला कायद्यात काडीचा अर्थ नाही, असं मी बाईंना म्हणालो. "नसू दे," त्या म्हणाल्या. "पण मोठ्यानं वाचलं की गावाला ऐकू येतं ना!" आणि पंचांना तेवढं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

पुढं दीड-दोन वर्षांनी इंदूचं ठरलं. तळेगावचा एक कंपाउंडर, शांत, सभ्य मुलगा. आपल्याकडं सुटलेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट, तो लावत अंधार पडल्यावर, चार माणसांत, गुपचूप. धोंडिबानं गावाला सांगितलं, माझ्या पोरीचं लगीन दिवसाउजेडी, मांडव घालून व्हईल. त्यानं आम्हा दोघां वकिलांना आमंत्रण धाडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिघेबाई लोणावळा सोडून गेल्या आणि पुन्हा भेट झाली नाही. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं त्यांचं जे शेवटचं चित्र आहे ते वराळ्याच्या त्या मांडवाबाहेरचं.

मुहूर्त जवळ आला आणि गंगूबाईचा पत्ता नाही. भटजी घाई करू लागले. म्हातारी माणसं कुजबुजत होती, की बरंच झालं, आधीची सासू पोरीच्या दुसऱ्या लग्नात कशाला? धोंडिबा मांडवाच्या मधोमध उभा राहिला. "भटजीबुवा, माझी भन आल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. मुहूर्त टळला तर दुसरा काढा." दिघेबाई तर केव्हाच रस्त्यावर जाऊन उभ्या होत्या, उन्हात, कपाळावर हात धरून. मीही त्यांच्यामागं गेलो.

धुरळा उडवत एस.टी. आली. मारुती टुणकन उतरला. त्याच्यामागं पायरीवर गंगूबाई, अंगावर तेच हिरवं लुगडं, पण पाय खाली टेकेना. "बाई, मी हितनंच माघारी जाते. अपशकून म्हनत्याल लोकं."

बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलावं लागलं नाही. मांडवातून धोंडिबा पळत येत होता, फेटा अर्धा सुटलेला, मागं शेपटासारखा लोंबतोय. तो पायरीपाशी येऊन धापा टाकत थांबला आणि हात पुढं केला. "उतर, गंगे. म्हायार हाय तुझं."

ती उतरली. भाऊबहीण हात धरून मांडवाकडं निघाले. खिडकीतून माना काढून सगळी गाडी बघत होती. कंडक्टर दांडीला धरून बाहेर झुकला. "बाई, कोन ही म्हातारी? नवरीची कोन लागती?"

दिघेबाईंनी दोन्ही हात वर उंचावले, आणि सगळ्या वराळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "सासू! आधीची!"

कंडक्टर घंटा मारायची विसरला. मांडवात अक्षता पडल्या तरी गाडी तिथंच उभी होती.